लेव्हल उचलताना

मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या इमारतींत बाल्कनी हॉलमध्ये घ्यायचं काम निघालं, की मधली विटांची पडदी एका दिवसात पाडून होते. जमीन मात्र अडीच-तीन इंच खालीच राहते. बाल्कनीचा स्लॅब मुळातच हॉलपेक्षा खाली ओतलेला असतो, पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून. आता दोन्हींवरून एकसलग कार्पेट टाकायचं तर ती पायरी बुजवायला हवी. मिस्त्री सांगतो, "रॅबिट (तोडफोडीचा राडारोडा) भरतो, वर कोबा करतो, दोन दिवसांत मोकळे." घरमालकाला ते पटतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर कार्पेट असतं, आणि कार्पेटखाली काय आहे ते पुढे कोणालाच दिसणार नसतं.

लेव्हल उचलणं म्हणजे सपाटी आणणं, असं आपण धरून चालतो. सपाटी हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. त्याआधी दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो: स्लॅबवर आपण किती वजन चढवतो आहोत आणि किती पाणी ओततो आहोत. कार्पेट खराब झालं म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या दोन हिशेबांत असतं. कार्पेटवाल्याचा दोष क्वचितच असतो.

वजनाचा हिशेब तोंडी करता येतो. सिमेंट-वाळूचा माल घनमीटरला सुमारे २१०० किलो भरतो. म्हणजे एक चौरस फूट जागा एक इंच उचलली, की पाच किलो वजन वाढलं. दहा बाय बाराची खोली तीन इंच उचलायची तर १२० गुणिले ३ गुणिले ५, म्हणजे १८०० किलो. पावणेदोन टनांहून जास्त माल त्या खोलीत कायमचा येऊन बसतो. माणसं येतात-जातात, कपाट हलवता येतं, हे वजन मात्र इमारत उभी असेपर्यंत तिथंच राहणार.

राहत्या घराच्या खोलीत माणसं, सामान, फर्निचर यांसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलोंची तरतूद धरतात. लादी आणि तिच्याखालच्या मालासाठी अभियंते आणखी शंभरेक किलो वेगळे धरतात. तीन इंच मालाचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर जातं. जुनी लादी तशीच ठेवून तिच्यावर हा थर टाकला, तर लादीसाठी राखलेली तरतूद आधीच संपलेली असते आणि नवं वजन माणसांसाठी राखलेल्या २०० किलोंमधून कापलं जातं. स्लॅब त्यामुळे लगेच खाली येत नाही, कारण डिझाइनमध्ये सुरक्षेची जागा सोडलेली असते. पण ती जागा गंजलेल्या सळ्यांसाठी, ओतकामातल्या उणिवांसाठी, वयासाठी असते. ती आपण कोब्यासाठी खर्च करायची नसते.

बाल्कनीची गोष्ट याहून गंभीर आहे. खोलीचा स्लॅब कडेच्या तुळयांवर टेकलेला असतो. भार आला की मधोमध तो खालून ताणला जातो, म्हणून तिथं मुख्य सळ्या खालच्या बाजूला असतात. बाल्कनी मात्र बहुधा एका बाजूनेच इमारतीला धरलेली असते. तिच्यावर भार आला की ताण वरच्या बाजूला येतो, आणि सर्वांत जास्त येतो तो भिंतीलगत. म्हणून तिच्या मुख्य सळ्या वर असतात. आता ओतकामाच्या दिवशी काय होतं ते पाहा. माणसं घमेली घेऊन त्या वरच्या जाळीवरूनच चालतात. जाळी दबते, दोन-चार सेंटिमीटर खाली जाते, आणि काँक्रीट तिच्यावर तसंच पडतं. चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबमध्ये सळी एवढी खाली गेली, की त्याची ताकद तेवढ्या प्रमाणात कमी होते. पुढे वीस-पंचवीस पावसाळ्यांचं पाणी वरून मुरतं आणि तेही आधी याच सळ्यांना गाठतं. अशा स्लॅबच्या बाहेरच्या टोकाला आपण खिडकी, ग्रिल, कुंड्या लावतो आणि पोटात तीन इंच रॅबिट भरतो.

भरणीने आणखी एक नुकसान होतं, ज्याचा विचार फारसा होत नाही. बाल्कनी थकली की पहिला तडा वरच्या अंगाला, भिंतीला लागून, भिंतीशी समांतर जातो. ती इशारा देणारी रेघ असते. कोबा आणि कार्पेट टाकलं की नेमकी तीच रेघ कायमची झाकली जाते. म्हणून बाल्कनीची लेव्हल उचलण्याआधी जुना थर स्लॅबपर्यंत उपसून, झाडून, धुऊन तो स्लॅब संरचना अभियंत्याला उघडा दाखवणं हा माझ्या मते या कामातला एकमेव टाळता न येणारा खर्च आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तो अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असतो. मिस्त्रीला बोलावण्याआधी तो मागून वाचावा. बाल्कनी आत घेण्याची परवानगी हा तर वेगळाच विषय. तीही आधीच हवी.

स्लॅब उघडा केला की अर्धा प्रश्न बहुधा तिथंच सुटतो. जुनी लादी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन-तीन इंच निघतात. जेवढं काढलं तेवढंच घातलं, तर स्लॅबवरचा भार वाढत नाही. वजन त्याहून कमी ठेवायचं असेल तर हलकी भरणी वापरावी. एएसी ब्लॉक, म्हणजे पांढरट सच्छिद्र हलक्या विटा, घनमीटरला साडेपाचशे ते साडेसहाशे किलोंच्या असतात; त्यांचे तुकडे किंवा चकत्या मांडून वर पातळ कोबा केला, तर वजन बरंच उतरतं. फेस मिसळलेलं फोम काँक्रीटही मिळतं. थर्माकोलच्या दाट शीट सर्वांत हलक्या, पण त्यांच्यावरचा कोबा पुरेसा जाड लागतो, म्हणून फायदा मोठ्या उंचीलाच मिळतो. चार-सहा इंच उचलायचं असेल तर लाकडी बॅटन आणि जाड प्लायचा सांगाडा विचारात घ्यावा. त्यावर चालताना थोडा पोकळ आवाज येतो आणि वाळवीची काळजी घ्यावी लागते, पण वजन अगदी कमी, शिवाय त्यात पाण्याचा थेंब नाही. कार्पेटखाली तो चांगला चालतो. कोळशाची सिंडर पूर्वी संडास-बाथरूमच्या भरणीत सर्रास वापरत. ती हलकी असली तरी तिच्यात गंधक असतं आणि ओल लागली की ती सळ्यांना खाते. अजूनही कोणी सुचवली तर नाही म्हणावं.

मग मापं. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायची पद्धत आजही खोटी ठरलेली नाही. लेझर महाग म्हणून नव्हे, तर नळी कोपऱ्याच्या पलीकडच्या खोलीतही जाते म्हणून. एक जण नळीचं टोक हॉलच्या भिंतीवरच्या खुणेला धरतो, दुसरा बाल्कनीच्या टोकाला. दोन्हीकडचं पाणी थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मगच पेन्सिल टेकवायची. फसवणूक होते ती बुडबुड्याने. नळी भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला की दोन्ही टोकं एका पातळीत दिसत असूनही नसतात. म्हणून चांगला गवंडी नळी भरून झाल्यावर दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी जुळतं का ते पाहतो, तेव्हाच कामाला लागतो. खुणा जमिनीपासून एक मीटरच्या आसपास चारी भिंतींवर करायच्या आणि त्यांच्यापासून खाली टेप सोडत दर दोन-तीन फुटांवर खोली मोजून कागदावर लिहायची. जिथं आकडा सर्वांत कमी, तिथं जमीन सर्वांत उंच. लेव्हल त्या बिंदूवरून ठरते, खड्ड्यावरून नाही. कित्येकदा एकच उंचवटा छिन्नी-हातोड्याने उडवला की सगळ्या खोलीतला थर अर्ध्या इंचाने कमी होतो, आणि १२० चौरस फुटांत अर्धा इंच म्हणजे तीनशे किलो.

थर किती जाड हवा याला खालची मर्यादा आहे. ब्रिटिश मानक बीएस ८२०४ प्रमाणे जुन्या काँक्रीटला घट्ट चिकटवलेला सिमेंट-वाळूचा थर किमान २५ मिलिमीटर, प्लास्टिकवर सुटा टाकलेला किमान ५०, आणि थर्माकोलसारख्या मऊ थरावर तरंगता टाकलेला घरगुती वापराला किमान ६५. पातळ थर लवकर वाळतो, त्याची वरची बाजू खालच्या आधी आकसते, कडा वर उचलल्या जातात आणि पोटात हवा राहते. बोटाने ठोकलं की बद्द वाजतं. कार्पेट टाकल्यावर ते वाजणं ऐकू येत नाही, पण पाय पडेल तिथं कोब्याचा चुरा होत राहतो.

सर्वांत अडचणीची उंची आहे अर्धा ते पाऊण इंच. साध्या मालाला ती कमी पडते आणि सेल्फ-लेव्हलिंगच्या (आपोआप सपाट होणाऱ्या) नेहमीच्या पावडरीला जास्त, कारण त्यातल्या बऱ्याचशा तीन ते दहा मिलिमीटरसाठी बनवलेल्या असतात. अशा ठिकाणी जाड थर चालणारी पावडर घ्यावी किंवा पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा माल वापरावा. खर्च वाढतो. पण अर्धा इंच साधा माल थापून वेळ मारून नेली, की तेच काम कार्पेट उचलून पुन्हा करावं लागतं.

चिकटणं अवलंबून असतं जुन्या पृष्ठभागावर. गुळगुळीत काँक्रीटला, ऑइल पेंट सांडलेल्या किंवा जुन्या गोंदाचे चट्टे असलेल्या जमिनीला काहीही चिकटत नाही. टाचे मारून खडी उघडी पडेपर्यंत ती खरबरीत करायची, धूळ झाडूने नव्हे तर शक्यतो व्हॅक्यूमने काढायची, आदल्या दिवशी स्लॅबला पाणी पाजायचं आणि सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्यायचं. कोरडा स्लॅब मालातलं पाणी ओढून घेतो; डबकं असलेला स्लॅब माल पातळ करतो. त्यावर सिमेंटची स्लरी घासून लावायची आणि ती ओली असतानाच माल टाकायचा. स्लरी सुकली तर ती चिकटवण्याऐवजी दोन थरांना वेगळं करते. इथं घाई उपयोगाची आहे, बाकी कुठंही नाही.

माल एकास चारचा, आणि पाणी बेताचं. मूठभर माल हातात दाबला तर लाडू वळावा, पण बोटांच्या फटीतून पाणी येऊ नये. ठिय्ये, म्हणजे लेव्हलच्या खुणेचे मालाचे ठोकळे, मारून, त्यांच्यावरून पाटा ओढून, रंध्याने घोटून घ्यायचं. कार्पेटखाली निळसर चकाकी येईपर्यंत घोटायची गरज नाही. कडेला मात्र माल चांगला ठोकून दाबायचा, कारण रोलचं कार्पेट ताणून धरणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या भिंतीलगतच ठोकल्या जातात. तिथला कोबा भुसभुशीत असेल तर पट्टी उपटून येते आणि कार्पेटला सुरकुत्या पडतात. किती सपाट हवं, तर दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन ते पाच मिलिमीटरहून जास्त फट दिसू नये. जाड लोकरीच्या कार्पेटखाली लहानसहान उणीव झाकली जाते. ऑफिसांत वापरतात त्या ५० सेंटिमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइलला ती सवलत नाही. दोन तुकड्यांच्या सांध्यावर प्रकाश तिरपा पडला की प्रत्येक उंचवटा दिसतो.

आता पाणी.

सिमेंटला आपल्या रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या साधारण पावपट पाणी पुरतं. काम करण्याजोगा माल व्हावा म्हणून आपण त्याच्या दुप्पट घालतो, आणि मग आठवडाभर वरून पाणी मारतो. ते मारायलाच हवं, नाहीतर कोब्याला ताकद येत नाही. पण उरलेलं सगळं पाणी नंतर वरच्या पृष्ठभागातूनच हवेत जायचं असतं, कारण खाली स्लॅब आहे. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा ठोकताळा असा: पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस, त्यापुढे याहून सावकाश. म्हणजे दोन इंचांच्या थराला सात आठवडे, तेही हवा चांगली असेल तर. "दोन दिवसांचं काम" या वाक्यातला खरा घोळ हा आहे. माल दोन दिवसांत कडक होतो, त्यावर चालता येतं, पण तो वाळलेला नसतो. वरून पांढरा पडलेला कोबा आत ओलाच असतो.

कार्पेट चिकटवण्याआधी काँक्रीटच्या आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली यावी, अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतलीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. काँक्रीट भोवतालच्या हवेहून कोरडं होऊ शकत नाही. त्यामुळे पावसाळ्यात केलेला कोबा एसी किंवा हवेतली ओल ओढणारं यंत्र लावल्याशिवाय कार्पेटजोगा होणारच नाही, कितीही पंखे लावा. किनारपट्टीवर हे काम दिवाळीनंतर काढावं आणि कार्पेट फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकावं. पुण्याला, नाशिकला मार्च ते मेची कोरडी हवा याहून सोयीची. कोकणात जमिनीलगतच्या खोलीत तर खालूनही ओल चढते. तिथं आधी जाड प्लास्टिकचा सलग कागद, कडा भिंतीवर वळवून, आणि त्यावर सुटा ५० मिलिमीटरचा थर, असाच क्रम ठेवावा.

वाळलं की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर पक्का लावायचा आणि किमान सोळा तास तसाच ठेवायचा. उचलल्यावर खाली दव दिसलं किंवा काँक्रीटचा रंग गडद झाला असेल, तर थांबायचं. काही दिसलं नाही म्हणजे मात्र सगळं कोरडं आहे, असं नाही. खोलवरची ओल या चाचणीत लपून राहते. मोठ्या कामात थराला भोक पाडून, जाडीच्या चाळीस टक्के खोलीवर आर्द्रतामापक बसवतात. ऑफिसचा हजारो फुटांचा मजला असेल तर ही चाचणी कंत्राटातच लिहून घ्यावी.

ओलीवर कार्पेट टाकलं की काय होतं याची सर्वांत धडा देणारी हकिगत स्वीडनची आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथं जमीन सपाट करायला आपोआप पसरणारं पातळ मिश्रण जोरात वापरात आलं. पंपाने ओतायचं, की ते पाण्यासारखं पसरून सपाट होई. गवंड्याचं गुडघ्यांवर बसून घोटणं वाचलं. मिश्रण चांगलं वाहावं म्हणून त्यात केसीन घालत. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. कोरड्या जमिनीवर त्याचा त्रास नव्हता. पण घाईघाईने बांधलेल्या इमारतींत ओल्या काँक्रीटवर ते ओतलं गेलं आणि वरून जमीन झाकली गेली. सिमेंटची क्षारता आणि अडकलेली ओल यांनी प्रथिन कुजवलं, त्यातून अमोनिया आणि दुर्गंधी वायू सुटू लागले. ओकच्या लाकडी जमिनी काळवंडल्या. घरांना वास येऊ लागला, रहिवाशांना डोळे आणि घशाचा त्रास होऊ लागला. स्टॉकहोमच्या दक्षिणेकडची डालेन ही नवी कोरी वसाहत यामुळे 'आजारी घरांची' वसाहत म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८० च्या दशकात केसीनची जागा कृत्रिम द्रव्यांनी घेतली. रसायन बदललं, पण ओलीचा नियम तोच राहिला: कार्पेटचा गोंदसुद्धा क्षार आणि ओल यांच्यामध्ये सापडला की विरघळतो आणि वास सोडतो.

आजच्या सेल्फ-लेव्हलिंग पावडरी याबाबतीत खूप पुढे गेल्या आहेत. त्यांत साध्या सिमेंटबरोबर कॅल्शियम अॅल्युमिनेट सिमेंट आणि कॅल्शियम सल्फेट असतं. या तिघांच्या क्रियेतून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात, आणि त्या स्फटिकाच्या एका रेणूत पाण्याचे ३२ रेणू बांधले जातात. पाणी उडून जाण्याची वाट पाहण्याऐवजी हे मिश्रण ते स्वतःतच कोंडून घेतं, म्हणून ते काही तासांत चालण्याजोगं आणि लवकरच कार्पेटजोगं होतं. पण हे कौतुक मिश्रणाच्या स्वतःच्या पाण्यापुरतंच आहे. खालच्या ओल्या कोब्याचं पाणी ते पिऊन टाकत नाही.

वापरताना आधी प्रायमर हवाच. तो नसला तर कोरडं काँक्रीट मिश्रणातलं पाणी शोषतं, त्याच्या छिद्रांतली हवा वर येते आणि पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं पडतात. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मोजून. जास्त घातलं तर मिश्रण छान वाहतं, पण सिमेंट वर आणि जड भाग खाली बसून वरचा पापुद्रा कच्चा राहतो. आणि 'आपोआप सपाट होतं' यावर फार भिस्त ठेवू नये. हाताशी पंधरा-वीस मिनिटं असतात, तेवढ्यात एकाने कालवायचं, दुसऱ्याने ओतायचं, तिसऱ्याने खिळ्यांचा रोलर फिरवायचा. एकट्या माणसाचं ते काम नव्हे.

राहिले भोवतालचे परिणाम. जमीन वर आली की दाराखालची फट जाते. कार्पेट आणि त्याखालची गादी मिळून आणखी पाऊण इंच धरावा, म्हणजे दाराला रंधा एकदाच मारावा लागेल. खिडकीचा कठडा तेवढाच खाली येतो, आणि लहान मुलं असलेल्या घरात तीन इंचांचा फरक हा फरकच आहे. कठडा मीटरभर उरत नसेल तर ग्रिलची उंची वाढवून घ्यावी. जिना त्या जमिनीवर उतरत असेल तर शेवटची पायरी बाकीच्यांहून लहान होते आणि सवयीने पडणारं पाऊल तिथंच अडखळतं. आत घेतलेल्या बाल्कनीत पावसाचं पाणी खिडकीच्या चॅनेलमधून तरीही येणार, म्हणून भरणीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर आणि त्याचा बाहेरचा ढाळ मोडू नये, आणि पाणी जायची जुनी नळी बुजवू नये. ती नळी बुजवलेली बाल्कनी वरून सुंदर दिसते आणि तिच्या पोटातली भरणी पावसाळाभर भिजत राहते.

काम झालं की एक कागद करून ठेवावा: जुना थर किती काढला, नवा किती जाडीचा आणि कशाचा टाकला, तारीख, आणि स्लॅब उघडा असताना काढलेले दोन फोटो. त्याची एक प्रत सोसायटीच्या फाइलला लावावी. पुढच्या परीक्षणाला येणारा अभियंता कार्पेट उचलून पाहू शकत नाही, आणि घर विकलं गेलं तर नव्या मालकाचा मिस्त्री त्याच जमिनीवर आणखी दोन इंच चढवायला निघालेला असतो.